प्रमाणपत्राची वाट न पाहता: विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी शाळेतील मदत कशी उभी करावी

दिव्यांग आणि विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याकडे कायदे आहेत, योजना आहेत, शासन निर्णयही भरपूर आहेत; तरीही तिसरीतल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचे अक्षर नीट दिसत नाही हे शाळेच्या लक्षात येईपर्यंत वर्ष संपते आणि तोवर त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासाकडे लक्ष नाही' असा शेरा पडलेला असतो. ही मार्गदर्शिका महाराष्ट्रातील पालक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे आणि तिचा मुख्य आग्रह एकच आहे: प्रमाणपत्र हातात येईपर्यंत वर्गातील मदत थांबवू नये. प्रमाणपत्र, ओळखपत्र, भत्ते आणि परीक्षेतील सवलती यांचा मार्ग लांबचा असतो व तो त्याच्या गतीने चालू द्यावा. परंतु बाकाची जागा बदलणे, छापील मजकूर मोठा करून देणे किंवा तोंडी उत्तर स्वीकारणे यांसाठी कोणत्याही वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही.

कायद्याचा आधार, कामापुरता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आणि स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी कायमची अडचण), वाचा व भाषा दोष, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा अनेक स्थिती त्यात आल्या. शाळेशी बोलताना या कायद्याची तीन कलमे जवळ ठेवावीत. कलम १६ शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य अशा सर्व शैक्षणिक संस्थांना लागू होते, म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळाही त्यातून सुटत नाही; मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत व परिसर वापरता येण्याजोगा करणे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही कामे त्यात स्पष्टपणे नोंदवलेली आहेत. कलम १७ शासनाची कर्तव्ये सांगते व लेखनिक (परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून घेणारी व्यक्ती), जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उगम तेथे आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला परिसरातील शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणजे वैद्यकीय प्राधिकाऱ्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरवलेले दिव्यांगत्व. शाळांमध्ये सर्वाधिक गोंधळ याच आकड्याभोवती होतो. 'चाळीस टक्के नाही, म्हणून काही करता येणार नाही,' हे उत्तर पालकांना वारंवार ऐकावे लागते आणि ते चूक आहे. आरक्षण, मोफत साधने, शिष्यवृत्ती अशा लाभांना ती अट लागते. वाजवी सोयीला ती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हा फरक निःसंदिग्ध शब्दांत मांडला. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली होते, आणि तरीही त्याला लेखनिक नाकारता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालाच्या अनुषंगाने ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेतल्या बाकाच्या जागेसाठी टक्केवारी मागणाऱ्याला हे शांतपणे सांगावे.

सोबत बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश त्यातील वंचित गटात झाला, त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर त्यांना अर्ज करता येतो. त्याच दुरुस्तीने तीव्र वा बहुविकलांग मुलाच्या पालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. पर्याय हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शाळेने सोयीसाठी मुलाला घरी बसवावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिले काम: पाहणे आणि लिहून ठेवणे

मदत कोणती हवी हे ठरवण्याआधी अडचण नेमकी कोठे येते हे समजले पाहिजे, आणि त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या साध्या नोंदी कोणत्याही चाचणीइतक्याच उपयोगी पडतात. 'मंद आहे', 'चंचल आहे', 'आळशी आहे' अशी विशेषणे नोंदीत लिहू नयेत. काय घडले, केव्हा घडले, त्याआधी काय चालले होते आणि मग कशाने फरक पडला, एवढेच लिहावे. 'गणिताच्या तासाला उठून गेला' यापेक्षा 'दहा उदाहरणे फळ्यावरून उतरवायला सांगितल्यावर तिसऱ्या उदाहरणाला उठला. तीच उदाहरणे कागदावर दिल्यावर बसून सोडवली' ही नोंद पुढे दहा जणांच्या कामी येते.

वाचन-लेखनाची अडचण ओळखताना देवनागरीचे स्वतःचे सापळे लक्षात घ्यावेत. इंग्रजी माध्यमासाठी बनवलेल्या याद्यांत 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल असते. मराठीत वाचणारे मूल घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गोंधळते, वेलांटीची दिशा उलटी काढते, मात्रा किंवा अनुस्वार गाळते, जोडाक्षर फोडून सुटे वाचते, रफार नेमका कोणत्या अक्षरावर द्यायचा हे त्याला उमगत नाही. पहिलीत असे होणे स्वाभाविक आहे. तिसरीच्या मध्यावरही ते कायम राहत असेल, तोंडी विचारल्यावर मात्र तेच मूल गोष्टीचा आशय व्यवस्थित सांगत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घेण्यास पुरेसे कारण आहे. घरात वेगळी बोली किंवा वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणारे मूल प्रमाण मराठीत अडखळते, ते भाषेच्या अंतरामुळे, आणि त्यावरचा उपाय संपूर्ण वेगळा आहे.

कोणत्याही निष्कर्षाआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. हे इतके उघड आहे की नेमके तेच राहून जाते. वही नाकाशी धरणारे, फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणारे, हाक मारल्यावर एकाच बाजूला मान वळवणारे, श्रुतलेखनात शब्दांचे शेवट सोडणारे किंवा सर्दी झाली की अभ्यासात एकदम मागे पडणारे मूल आधी नेत्रतज्ज्ञाकडे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

तपासणी आणि कागदपत्रे

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतात; जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात आणि पुढील निदान व उपचारासाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी होते. पथक येईल त्या दिवशी वर्गशिक्षकाने आपल्या नोंदी घेऊन पथकाशी बोलावे, कारण घाईतल्या तपासणीत वजन-उंची मोजली जाते, पण वाचताना होणारा त्रास कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शाळेच्या पातळीवर 'प्रशस्त' हे एनसीईआरटीने विकसित केलेले ॲप आहे. ते २१ प्रकारांच्या दृष्टीने प्राथमिक चाळणी करण्यास शिक्षकांना मदत करते. ही चाळणी म्हणजे निदान नव्हे. ॲपने दाखवलेला संभाव्य प्रकार मुलाच्या नावापुढे लिहून मोकळे होण्याची प्रवृत्ती दिसते, ती टाळावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' हे वैश्विक ओळखपत्र यांसाठी 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागते. रुग्णालयात जाताना जुने अहवाल, आधार कार्ड, छायाचित्रे यांच्यासोबत वर्गशिक्षकाचे एक पानी निरीक्षणपत्रही न्यावे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांच्या मूल्यमापनात शाळेतील वर्तनाची माहिती तपासणाऱ्याला खरोखर लागते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते आणि केंद्राच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांनुसार १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. दहावीच्या परीक्षेच्या आसपास प्रमाणपत्राची मुदत संपत नाही ना, हे सातवी-आठवीतच पाहून ठेवावे. मुंबईतील मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, परंतु लहान जिल्ह्यांतील पालकांना त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो आणि पुढची तारीख महिन्यांनी मिळते. म्हणूनच ही प्रक्रिया आणि वर्गातील मदत एकमेकींवर अवलंबून ठेवू नयेत.

शाळेला द्यायचे पत्र

तोंडी विनंतीला बहुतेक शिक्षक चांगला प्रतिसाद देतात. पण शिक्षक बदलले की ती विनंती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून भेटून बोलावे आणि बोलणे झाल्यावर तेच लेखी द्यावे. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे असावे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी, आणि मजकूर एका पानापेक्षा मोठा नसावा. नमुना असा:

'माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. तिला डाव्या कानाने ऐकण्यात अडचण असून तज्ज्ञांचा अहवाल सोबत जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार तिच्यासाठी पुढील सोयी येत्या पंधरा दिवसांत सुरू कराव्यात, ही विनंती: पुढच्या बाकावर, उजवा कान शिक्षकांकडे राहील अशी जागा, गृहपाठाची सूचना तोंडी देण्याबरोबर फळ्यावर लिहिणे, आणि श्रुतलेखनाच्या चाचणीत तिला शिक्षकांचा चेहरा दिसेल अशा अंतरावर बसवणे. या सोयींचा आढावा घेण्यासाठी सत्र संपण्यापूर्वी एक बैठक ठेवावी.'

या पत्रात कोणावर आरोप नाही, मुलीच्या आजाराचा इतिहास नाही आणि मागण्या तीनच आहेत. ज्या मागणीचे पालन झाले की नाही हे वर्गात डोकावून दोन मिनिटांत कळते, ती मागणी चांगली. 'माझ्या मुलीकडे विशेष लक्ष द्यावे' ही मागणी ऐकायला सौम्य वाटते, परंतु ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा

एका मुलाला या सत्रात काय शिकवायचे, कोणत्या सोयी द्यायच्या आणि प्रगती कशी पाहायची हे लिहिलेला कागद म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. साऱ्या व्यवस्थेचा कणा हा आराखडा आहे आणि प्रत्यक्षात सर्वांत वाईट लिहिला जाणारा कागदही हाच. एका मुलाचा आराखडा दुसऱ्याच्या नावाने उतरवलेला, उद्दिष्टांच्या रकान्यात 'वाचन कौशल्य विकसित करणे' असे मोघम शब्द, सहीच्या जागी पालकाचा अंगठा आणि तपासणीला अधिकारी येईपर्यंत कपाटात मुक्काम, अशी त्याची अवस्था अनेकदा असते. आराखडा लिहिण्यासाठी वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावे, आणि मूल बोलू शकत असेल तर त्यालाही विचारावे. नववीतल्या विद्यार्थ्याला आपल्याला काय जड जाते हे बहुधा सर्वांपेक्षा नेमके ठाऊक असते.

एक उदाहरण घेऊ. पाचवीतल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याची स्थिती, आहे. त्याला पाढे येतात, भागाकाराची रीत समजते, पण हात हळू चालतो आणि वेळ संपेपर्यंत दहापैकी चारच उदाहरणे होतात. शाळेच्या नोंदीत तो 'गणितात कच्चा' ठरतो. त्याच्या आराखड्यात 'गणितात सुधारणा' असे लिहिले तर त्याला आणखी उदाहरणे सोडवायला दिली जातील, म्हणजे जे जमत नाही तेच वाढेल. त्याऐवजी असे लिहावे: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची पाच उदाहरणे तो मोठ्या चौकटींच्या कागदावर, वेळेची मर्यादा न घालता सोडवील आणि त्यांतील किमान चार बरोबर असतील, उदाहरणे शिक्षक आधी छापून किंवा लिहून देतील, त्याने ती उतरवून घ्यायची नाहीत, दर शुक्रवारी वर्गशिक्षक एक नोंद करतील. आता गणित आणि हाताचा वेग या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि हाताच्या कामासाठी व्यवसायोपचार तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा हेही ठळक झाले.

दुसरे उदाहरण वर्तनाचे. स्वमग्न मुलगा मधल्या सुट्टीनंतर रोज ओरडतो, वर्गात यायला तयार नसतो. 'शिस्त लावणे' हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. घंटेचा आवाज, जिन्यावरची गर्दी आणि पुढे काय होणार याची अनिश्चितता यांपैकी काय खुपते हे नोंदींवरून पाहावे, मग सुट्टी संपण्याच्या पाच मिनिटे आधी त्याला वर्गात आणणे, दिवसाच्या तासिकांची चित्रपट्टी बाकावर चिकटवणे आणि शांत बसण्यासाठी एक कोपरा ठरवून देणे असे उपाय आराखड्यात लिहावेत. त्यांतील एकालाही पैसे लागत नाहीत.

आराखडा करताना दोन प्रकारच्या बदलांत गल्लत होऊ देऊ नये. पहिल्या प्रकारात शिकायचे तेच असते, फक्त पोहोचण्याचा मार्ग बदलतो: ब्रेल, मोठे अक्षर, ध्वनिमुद्रित धडा, तोंडी उत्तर, सांकेतिक भाषा. दुसऱ्या प्रकारात शिकायचा आशयच कमी किंवा वेगळा केला जातो, जे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा योग्य असते. अंध किंवा अध्ययन अक्षम मुलाचा अभ्यासक्रम सहानुभूतीपोटी कमी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला संपूर्ण पाठ्यपुस्तक रेटत ठेवून शेवटी कृपागुण देणे हाही तितकाच. आशय कमी केला असेल तर पालकांना तो स्पष्ट सांगावा, प्रगतिपुस्तकात तो लपवू नये. एका सत्रासाठी तीन-चार उद्दिष्टे पुरतात. त्याहून अधिक लिहिली की ती कागदासाठीच आहेत असे समजावे.

विशेष शिक्षकाचा वेळ कशासाठी

रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातील २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्राने विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक असे ठरवले. प्रत्यक्षात आपल्याकडे एकेका विशेष शिक्षकाच्या वाट्याला अनेक शाळा येतात आणि त्यांचा दिवस प्रवासात व माहितीचे तक्ते भरण्यात जातो. ही पदे भरली जावीत यासाठी आग्रह धरावाच. पण आहे तो वेळ कसा वापरायचा हे शाळेच्या हातात आहे. मुलाला वर्गाबाहेर काढून अर्धा तास शिकवण्यापेक्षा त्या भेटीत विशेष शिक्षकाने वर्गशिक्षकाबरोबर पुढच्या आठवड्याचे पाठ पाहावेत आणि कोणत्या पाठात काय बदल करायचा हे ठरवावे, असे माझे मत आहे. आठवड्याचे उरलेले सर्व तास मूल वर्गशिक्षकासमोरच असते. ब्रेल, सांकेतिक भाषा, चलनवलनाचे प्रशिक्षण अशा कौशल्यांसाठी मात्र वेगळा वेळ द्यावाच लागतो, तेथे ही काटकसर चालत नाही.

खासगी शाळा अनेकदा पालकांच्या खर्चाने सोबतीचा शिक्षक आणायला सांगतात. अशी व्यक्ती नेमायची झाल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, हे विचारावे. १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षकांना ही नोंदणी आवश्यक असते. सोबतीचा शिक्षक मूल आणि वर्ग यांच्यामध्ये भिंत होऊन बसला, तर वर्षअखेरीस मुलाला एकही मित्र झालेला नसतो. म्हणून त्याने हळूहळू मागे कसे सरकायचे हेही आराखड्यात लिहिलेले असावे.

शाळा व्यवस्थापन समिती आणि मुख्याध्यापक

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असणे बंधनकारक केले आहे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. दिव्यांग मुलाच्या पालकांपैकी एकाने या समितीत असावे आणि विशेष गरजांचा विषय प्रत्येक सत्रात किमान एकदा बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणून त्याची नोंद इतिवृत्तात होईल हे पाहावे. इतिवृत्तातली नोंद पुढच्या मुख्याध्यापकांनाही वाचावी लागते.

उतार बांधताना चढ एकास बारा या प्रमाणापेक्षा अधिक तीव्र नसावा. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. अनेक शाळांत पायऱ्यांवर तीन-चार फुटांची सिमेंटची घसरगुंडी बांधून अहवालात 'उतार उपलब्ध' असे लिहिले जाते, आणि त्यावरून चाकाची खुर्ची खाली आणायला दोन माणसे लागतात. स्वच्छतागृहाकडे त्याहूनही कमी लक्ष जाते. तेथे खुर्ची आत जाऊन वळू शकते का, धरायला दांडी आहे का, हे समितीने स्वतः जाऊन पाहावे, कारण दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलगी बहुधा कोणाला काही सांगत नाही. खर्च शक्य नसेल तर त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणणे हा आजच करता येणारा उपाय आहे.

शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याच्या 'यूडायस प्लस' या शासकीय ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची नोंद योग्य प्रकारासह झाली आहे का, हे मुख्याध्यापकांनी दरवर्षी तपासावे, कारण नोंद नसलेल्या मुलासाठी निधीची मागणीच होत नाही. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता आहे. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य-साधने यांची मागणी गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षण तज्ज्ञांमार्फत जाते. श्रवणयंत्र किंवा चाकाची खुर्ची मिळाल्यावर काम संपत नाही: यंत्राचे सेल कोण आणणार, त्याचा कानात बसणारा साचा सैल झाला तर दुरुस्ती कोठे, खुर्ची लहान पडली तर पुढे काय, हे विचारून ठेवले नाही तर साधन घरच्या माळ्यावर जाते.

परीक्षा

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ धरला आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांतही जादा वेळ, लेखनिक आणि दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार इतर सवलती मिळतात. त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आणि तो शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच तयार ठेवावा. लेखनिकाला सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करून सांगणे, विरामचिन्हे सांगणे, आकृतीचे वर्णन करणे यांचा सराव आठवीपासून घटक चाचण्यांत व्हावा, नाहीतर दहावीच्या पहिल्या पेपरला मूल आणि लेखनिक दोघेही गोंधळतात.

प्रत्येक उपलब्ध सवलत घेतलीच पाहिजे असे नाही. जादा वेळ सहसा कोणाचे नुकसान करत नाही. भाषा विषयातून सूट घेण्यापूर्वी किंवा गणिताऐवजी दुसरा विषय निवडण्यापूर्वी मात्र पुढे कोणत्या अभ्यासक्रमाला तो विषय लागेल हे पाहून मुलाशी बोलून निर्णय घ्यावा. परीक्षा केंद्रावर सवलत नाकारली गेल्यास तेथेच लेखी नोंद मागावी. अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला लेखन अक्षमता असूनही 'नीट' परीक्षेत जादा वेळ मिळाला नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तिच्यावरील अन्यायाचे निवारण कसे करायचे ते ठरवण्याचा आदेश दिला होता.

नकार मिळाल्यास

पहिली पायरी मुख्याध्यापक, दुसरी गटशिक्षणाधिकारी आणि तिसरी जिल्हा परिषदेचे किंवा महानगरपालिकेचे शिक्षणाधिकारी. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण वरचा अधिकारी पहिला प्रश्न 'खाली दिले होते का' असाच विचारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालील तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. शासकीय आस्थापनेत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. त्यानंतर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. साक्षीदार बोलावणे व कागदपत्रे मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याचे उल्लंघन केल्यास कलम ८९ नुसार पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. तालुक्यात विशेष शिक्षकांची किती पदे मंजूर व किती रिक्त आहेत, असे नेमके प्रश्न २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारल्यास उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते, आणि पाच-सहा पालकांनी मिळून मिळवलेली ती आकडेवारी शिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवणे एकट्याच्या तक्रारीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

राज्यात एक जुनी अडचण अशी की समावेशित शिक्षण, म्हणजे नेहमीच्या शाळेत इतर मुलांसोबतचे शिक्षण, शालेय शिक्षण विभागाकडे आहे, तर विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. एका विभागाची फाइल दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून विशेष शाळेतून नेहमीच्या शाळेत किंवा उलट जाणाऱ्या मुलाचे अहवाल, आराखडा आणि साधनांची यादी पालकांनीच एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावी.

तीच फाइल चौथीतून पाचवीत, सातवीतून आठवीत आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना लागते. जुन्या वर्गशिक्षकाने एप्रिलमध्ये, निकालाच्या आधी, एका पानावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: या मुलाला काय चांगले येते, कोणत्या सोयी उपयोगी पडल्या, आणि कोणत्या करून पाहिल्या पण उपयोग झाला नाही. तिसरी बाब आवर्जून लिहावी, म्हणजे नवे शिक्षक जून-जुलै तेच पुन्हा करून पाहण्यात घालवणार नाहीत. शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाला नवी इमारत, वर्ग, स्वच्छतागृह आणि बसण्याची जागा दाखवून आणावी, त्याच भेटीत ते पान नव्या वर्गशिक्षकाच्या हाती द्यावे आणि पहिल्या आढावा बैठकीची तारीख ऑगस्ट संपण्यापूर्वीची ठरवून घ्यावी.